शेतीचा वाटा १४ टक्के की ३४? डेअरीत भांडण झालंय, निकाल द्या

तीन_म्हशी (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:२०

मंडळी, बेळगावच्या पश्चिम भागातून लिहितोय. परवा सकाळी आमच्या डेअरीत दुधाची फॅट लावायच्या (मोजून घ्यायच्या) रांगेत वाद पेटला. एकानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. दुनिया तापवणाऱ्या वायूंपैकी ३४ टक्के आपल्या खाण्यापिण्यामुळं होतात, असं त्यात म्हणे. दुसरा धारवाडला शेतकी शिकून आलेला. तो म्हणाला, छट्, भारतात शेतीचा वाटा १४ टक्के, सरकारी आकडा आहे. पहिला म्हणाला सरकार लपवतंय. दुसरा म्हणाला व्हिडिओवाले पैशासाठी काहीही बोलतात. या दोघांच्या नादात माझी कॅन अर्धा तास उन्हात.

माझा पसारा: तीन म्हशी, दोन एकर ऊस, तीस गुंठे भात, बांधाकडंला थोडी रताळी, पाच एचपीची मोटर. दोन प्रश्न आहेत. खरा आकडा कुठला? आणि माझ्या शिवारात जास्त गुन्हेगार कोण, म्हैस, ऊस की भात?

पक्ष आणि नेते आणू नका. ते डेअरीत रोज असतातच.

---

अथणीचा_ऊस | सोमवार, रात्री ९:४८

गुन्हेगार म्हणूनच सुरुवात केलीत, झालं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी दारात आलं तेव्हा आमच्या म्हशी पत्र्यावर चढवायची वेळ होती. आता म्हणे त्याच म्हशींनी पूर आणला. विमानानं फिरणारे आम्हाला शिकवणार, वर आम्हीच गप्प बसून हिशेब द्यायचा.

---

निपाणी_ते_बंगळूर | सोमवार, रात्री १०:३५

योगायोगानं माझं पोट याच हिशेबावर चालतं, म्हणून जरा लांब लिहितो.

दोन्ही आकडे खरे आहेत. वाद आकड्याचा नाही, मोजणीचा आहे. आपल्याकडं भाऊ-भाऊ वेगळे झाल्यावर काय होतं बघा. विहीर थोरल्याच्या गटात, मोटर धाकट्याची, मीटर अजून वडिलांच्या नावावर आणि पाणी तिघांना. मग वीज कुणी वापरली? पहाणी उताऱ्यावर एक उत्तर, प्रत्यक्षात दुसरं. देशाच्या हिशेबात अगदी हेच होतं.

भारत सरकार संयुक्त राष्ट्रांना ठरावीक काळानं अहवाल देतं. २०१६ च्या आकड्यांत शेतीचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपास. २०२० च्या आकड्यांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये गेला, त्यात १३.७२ टक्के. ऊर्जा ७५.६६, उद्योग ८.०६, बाकी कचरा-सांडपाणी. या 'शेती' नावाच्या खात्यात पाचच गोष्टी येतात: जनावरांचं रवंथ, शेणाची साठवण, भातखाचरं, खत टाकलेली जमीन आणि शेतात जाळलेला काडीकचरा. संपलं.

तुमची मोटर त्यात नाही, ती ऊर्जा खात्यात. ट्रॅक्टरचं डिझेल ऊर्जेत. युरिया बनवणारा कारखाना ऊर्जा आणि उद्योगात वाटलेला. ऊस कारखान्यावर नेणारा ट्रक आणि घरातला फ्रिज हेही ऊर्जेतच, आणि उष्टं-खरकटं सडून निघालेला मिथेन कचऱ्यात. म्हणजे अन्न एकच, पण त्याचे तुकडे चार खात्यांत.

३४ वाला आकडा यांतले सगळे तुकडे परत एकत्र बांधून काढलेला आहे. २०२१ साली 'नेचर फूड' या संशोधन मासिकात तो अभ्यास आला. २०१५ मध्ये जगातल्या अन्नव्यवस्थेतून १८ अब्ज टन, म्हणजे माणसानं सोडलेल्या एकूण वायूंच्या ३४ टक्के. शेतीसाठी जंगल तोडलं त्याचाही हिशेब त्यात आहे. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात हाच वाटा २६ आला होता, आणि आयपीसीसीनं (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) २०१९ मध्ये २१ ते ३७ असा पट्टा दिला. कुंपण कुठं घातलं तसा आकडा बदलतो.

आणखी एक. ३४ हा जगाचा आकडा, १४ भारताचा. एकाच वजनकाट्यावर ठेवायचेच नाहीत. डेअरीतल्या दोघांना सांगा, दोघांचीही फॅट बरोबर आहे, म्हशी वेगळ्या आहेत.

---

तीन_म्हशी | सोमवार, रात्री १०:५१

हे झ्याक सांगितलंत. पण दुसरा प्रश्न राहिला. माझी म्हैस?

---

निपाणी_ते_बंगळूर | सोमवार, रात्री ११:३०

करतो हिशेब. अंदाज आहे, पावती समजू नका.

म्हशी: जनावराच्या पहिल्या पोटात चारा आंबतो, तिथं मिथेन तयार होतो आणि बहुतेक सगळा ढेकरातून तोंडावाटे बाहेर पडतो. (लोकांना वाटतं मागून. नाही.) दुभत्या म्हशीमागं वर्षाला साधारण ५० किलो धरतात. शंभर वर्षांत किती तापवतो या मापानं एक किलो मिथेन म्हणजे सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साईड. तीन म्हशी × ५० × २८ = ४.२ टन.

मोटर: पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट. दोन एकर उसाला वर्षात ८०० तास चालते असं धरू, झाली जवळजवळ ३००० युनिट. देशाच्या विजेत कोळसा जास्त, त्यामुळं युनिटमागं सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साईड. म्हणजे २.१ टन. दीड म्हैस!

युरिया: ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. आयपीसीसीच्या ढोबळ नियमानं त्यातलं एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साईड होऊन उडतं. वजन तिसरा हिस्सा किलो, पण तो वायू कार्बन डायऑक्साईडच्या २७३ पट तापवणारा. पोत्यामागं ९० किलोच्या आसपास. युरिया जमिनीत फुटताना कार्बन डायऑक्साईड सुटतो तो ३३ किलो वेगळा. ऊस आणि भात मिळून वर्षाला १२ पोती धरली तर दीड टन. ती पोती बनवताना जळलेला नैसर्गिक वायू यात नाही.

भात: तीस गुंठ्यांत पाणी सतत तुंबून असेल तर टनभराच्या आत-बाहेर. पावसावरचा, मध्ये मध्ये सुकणारा असेल तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खाली येतो.

म्हणजे म्हैस पहिली, मोटर दुसरी. आणि गंमत अशी की ही मोटर त्या १४ टक्क्यांत नाहीच.

देशपातळीवरही तसंच आहे. २०१६ च्या हिशेबात शेती खात्याच्या निम्म्याहून जास्त, ५४.६ टक्के, नुसतं रवंथ. खत टाकलेली जमीन १९, भात साडेसतरा, शेण सात टक्क्यांना थोडं कमी, काडीकचरा जाळणं दोनच्या जरा वर.

---

अथणीचा_ऊस | मंगळवार, सकाळी ६:१०

म्हणजे शेवटी म्हशीवरच आणलंत. बरं मग करायचं काय, विकून टाकायच्या? कारखान्याचं बिल कधी येईल सांगता येत नाही. डेअरीचं मात्र दर दहा दिवसांनी हातात पडतं. पोरांच्या फिया त्यावर चालतात. तुम्ही बंगळूरात बसून टन मोजूलाय, हितं लिटर मोजावं लागतंय.

---

निपाणी_ते_बंगळूर | मंगळवार, सकाळी ८:०५

अण्णा, विका असं कुणी म्हटलं? उलट तुमची बाजू मांडायला आकडे माझ्याकडंच आहेत, ते घ्या.

टक्का हा फसवा प्राणी आहे. न्यूझीलंडमध्ये शेतीचा वाटा निम्मा आहे, भारतात १४. मग तिथले शेतकरी साडेतीन पट वाईट? तसं नाही. तिथली वीज बहुतेक पाण्यावर आणि भूगर्भातल्या वाफेवर होते, कोळसा कमी, त्यामुळं बाकीची खाती लहान आणि शेतीचा टक्का मोठा दिसतो. आपल्याकडं कोळसा इतका की शेती लहान दिसते. उद्या आपली सगळी वीज सौर झाली, तर म्हशी आहेत तेवढ्याच राहूनही शेतीचा टक्का वाढेल. टक्का वाढला म्हणजे धूर वाढला असं नाही.

माणशी बघा. २०२० मध्ये भारताचं एकूण २९५९ दशलक्ष टन. त्यातली शेती सुमारे ४०६. लोकसंख्येनं भागलं तर माणशी ३०० किलोच्या आत. न्यूझीलंडमध्ये शेतीचंच माणशी सात-आठ टन. अर्थात तिथलं बहुतेक दूध-लोणी ते लोक खात नाहीत, परदेशी विकतात, पण ढेकर त्यांच्या वहीत. पुन्हा मोजणीचाच प्रश्न. आपला तांदूळ बघा. जगाच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या तांदळात सुमारे ४० टक्के भारताचा, भात शिजतो परदेशात आणि खाचरातला मिथेन आपल्या नावावर.

आमच्या निपाणी भागातलं तर विचारूच नका. म्हैस कर्नाटकात, दूध कोल्हापूरच्या गोकुळला, चहा मुंबईत. ढेकर कुणाच्या उताऱ्यावर लावायचा? सीमाप्रश्न वायूलासुद्धा सुटलेला नाही.

---

कुंदा_प्रेमी | मंगळवार, सकाळी ९:१५

शेवटच्या ओळीवर चहा सांडला. 😄

---

वडगावची_सून | मंगळवार, दुपारी २:४०

भाताबद्दल विचारायचं होतं. आमची जमीन बळ्ळारी नाल्याच्या काठाला, येळ्ळूरच्या अंगाला. सासऱ्यांच्या वेळेपासून बासमती. दर पावसाळ्यात नाला फुगतो आणि पाणी आठ-आठ दिवस हलत नाही, दुबार रोप लावायची वेळ येते. वरती लिहिलंय पाणी तुंबलं की मिथेन जास्त. म्हणजे नाला साफ होत नाही त्याचा मिथेनसुद्धा आमच्याच नावावर पडणार का?

आणि तुंबल्यावर नेमकं काय होतं? पाण्यातून वायू येतो कसा?

---

जांबोटीचा_भात | मंगळवार, दुपारी ३:२५

ताई, मातीवर पाणी उभं राहिलं की खाली हवा जात नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू मग कुजलेला पालापाचोळा खातात आणि मिथेन सोडतात. थोडा बुडबुड्यांनी वर येतो, पण जास्त करून भाताच्या ताटातूनच वर चढतो. भाताच्या पोकळ दांड्यातून मुळांना हवा खाली जाते ना, त्याच नळीतून हा परत वर. धुराडंच म्हणा. म्हणून हिरवळीचं कच्चं खत टाकून लगेच पाणी कोंडलं की वायू जास्त. कुजलेलं शेणखत बरं.

आमच्या खानापूर भागात बरीच जमीन उताराची. आजोबा धूळवाफेवर कुरीनं पेरायचे, पाऊस पडेपर्यंत माती कोरडी. आता लावणीकडं ओढा वाढलाय, चिखल करून. उत्पन्न बरं येतं, तण कमी, पण पाणी कोंडून ठेवावं लागतं.

पाणी हातात असेल त्यांनी दोन पाण्यांच्या मध्ये खाचर भेगा दिसेपर्यंत सुकू द्यायचं, फुलोऱ्याच्या वेळी मात्र पाणी तोडायचं नाही. एवढ्यानं मिथेन निम्म्याच्या आसपास खाली येतो. तुमच्या नाल्याला हे कसं सांगायचं ते मात्र मला माहीत नाही.

---

वडगावची_सून | मंगळवार, दुपारी ४:०२

नाल्याला सांगून झालंय, निवेदनं देऊन झालीत. फुलोऱ्याचं लक्षात ठेवते, धन्यवाद दादा.

---

शहरात_राहतो_माफ_करा | मंगळवार, रात्री ८:३०

टिळकवाडीत राहतो, शेती नाही. माझा समज होता की लांबून आलेलं खाणं सगळ्यात वाईट. म्हणून मी काश्मीरची सफरचंदं बंद केली आणि घरी दोन लिटर म्हशीचं दूध, तूप, पनीर सगळं 'लोकल' घेतो. आता वाटतंय उलटंच केलं की काय.

---

निपाणी_ते_बंगळूर | मंगळवार, रात्री ९:१०

बऱ्यापैकी उलटंच. त्या ३४ टक्क्यांच्या अभ्यासात अन्नाच्या एकूण हिश्श्यातली वाहतूक फक्त ५ टक्क्यांच्या आसपास आहे. ७१ टक्के शेती आणि जमिनीचा वापर बदलल्यामुळं. अन्न किती लांबून आलं यापेक्षा ते काय आहे याला वजन जास्त. विमानानं आलेलं सोडून द्या, ते वेगळं. सफरचंद खा. त्यासाठी तूप सोडा असंही म्हणणार नाही. आमच्या आईनं हे वाचलं तर मला घरात घेणार नाही.

---

कुंदा_प्रेमी | मंगळवार, रात्री ९:४५

मी केटरिंगच्या धंद्यात आहे, तर माझं ऐका. लग्नात पंगतीऐवजी बुफे आला तेव्हापासून ताटात टाकलेलं बघवत नाही. मांडे घेतात दोन, खातात अर्धा, कारण फोटोत छान दिसतात. कुंद्याची वाटी तशीच. रात्री ११ ला पिशव्या भरताना पोटात कालवतं. एक किलो कुंद्याला आटवलेलं दूध किती, ते म्हशीवाल्यांना विचारा. इथं तर सगळे म्हशीलाच धरून बसलेत.

---

निपाणी_ते_बंगळूर | मंगळवार, रात्री १०:०५

अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणं २०२२ मध्ये ग्राहकापर्यंत पोचलेल्या अन्नातलं १९ टक्के वाया गेलं, घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून. शेतातून दुकानापर्यंत येताना १३ टक्के जातं ते निराळं. जगातल्या वायूंपैकी ८ ते १० टक्के या वाया गेलेल्या अन्नापोटी. तुमच्या पिशवीत नुसता कुंदा नसतो. त्यात म्हशीचा ढेकर, चाऱ्याचा युरिया, आटवायचा गॅस सगळं असतं, आणि पुढं तो सडून पुन्हा मिथेन.

---

अथणीचा_ऊस | बुधवार, सकाळी ६:२०

रात्री सगळा धागा परत वाचला. माणशी ३०० किलोचं पटलं, डेअरीत सांगणार आहे.

आता उसाचं सांगा. पाचट (तोडीनंतर रानात राहिलेला वाळका पाला) पेटवलं की सगळे बोंबलतात, फोटो काढून टाकतात. तुमच्या हिशेबात ते दोन टक्केच? मग एवढी ओरड कशाला? मी दरवर्षी पेटवतो, खोडव्याला (तोडलेल्या खोडांतून परत फुटणाऱ्या उसाला) पाणी सोडायला रान मोकळं लागतं.

---

जांबोटीचा_भात | बुधवार, सकाळी ७:३०

अण्णा, मलाही हे कोडंच होतं. मी समजत होतो एवढा धूर म्हणजे सगळ्यात मोठा वाटा.

---

निपाणी_ते_बंगळूर | बुधवार, सकाळी ८:४०

हिशेबाची खोच आहे. पाचटातला कार्बन उसानं त्याच वर्षी हवेतून घेतलेला. जाळल्यावर तोच परत गेला, म्हणून त्याचा कार्बन डायऑक्साईड मोजतच नाहीत. फक्त जळताना निघालेला मिथेन आणि नायट्रस ऑक्साईड मोजतात. कारखान्यात बगॅस (उसाचा चोथा) जाळून वीज करतात तिथंही हाच नियम. म्हणून आकडा लहान.

पण तुमचं नुकसान वेगळ्याच खात्यात आहे. एका टन पाचटात साधारण ५ किलो नत्र असतं. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. म्हणजे १५ ते २० किलो नत्र, जवळजवळ एका युरियाच्या पोत्याएवढं, तुम्ही काडी लावून उडवता आणि मग २६६ रुपये देऊन तेच विकत आणता. वर त्या पोत्याचे १२० किलो वायू. कुजायला वेळ लागतो, पहिल्याच वर्षी सगळं मिळणार नाही. ओल मात्र पहिल्याच उन्हाळ्यात राहते, म्हणजे मोटर कमी चालते. आणि मोटर म्हणजे दीड म्हैस, वर लिहिलंय.

---

तीन_म्हशी | बुधवार, दुपारी १:१५

मोटरीचं एक राहिलं. दहा एचपीपर्यंत वीज फुकट, त्यामुळं आमच्याकडं ऑटो स्टार्टर लावून ठेवतात. रात्री लाइन आली की मोटर आपोआप सुरू, सरी भरून पाणी ओढ्याला. मीसुद्धा तेच करतो, खोटं कशाला बोलू. बिल येत असतं तर उठून बंद केली असती.

म्हशींच्या ढेकरावर काही औषध आहे का? मिनरल मिक्श्चरवाला काहीतरी सांगत होता.

---

गुरांचा_डॉक्टर | बुधवार, दुपारी ३:५०

पशुवैद्यक आहे, नोकरीत असल्यानं नाव नको. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं 'हरित धारा' नावाचं खाद्यपूरक तयार केलंय, टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून. १७ ते २० टक्के मिथेन कमी होतो असं संस्था सांगते. खेड्यातल्या दुकानात मला अजून दिसलेलं नाही.

त्याच्या आधी साधं बघा. नुसतं भाताचं पिंजर आणि उसाचं वाडं (हिरवे शेंडे) खाणारी म्हैस दूध कमी देते, त्या मानानं ढेकर जास्त. त्यात हिरवा चारा, थोडी पेंड, खनिज मिश्रण आलं की दूध वाढतं. ढेकर थोडा वाढेल कदाचित, पण लिटरमागं कमी होतो. तीन लिटरच्या तीन म्हशी आणि नऊ लिटरची एक, दूध तेवढंच, पण पोटं तीन.

---

अथणीचा_ऊस | बुधवार, सायंकाळी ६:०५

आणि राहिलेल्या दोन भाकड म्हशींचं काय करायचं डॉक्टर?

---

तीन_म्हशी (धागाकर्ता) | बुधवार, सायंकाळी ६:०९

अण्णा, हात जोडतो, तो विषय नको. धागा बंद पडेल.

---

तीन_म्हशी (धागाकर्ता) | शनिवार, सकाळी १०:३०

आज डेअरीत निकाल वाचून दाखवला. दोघंही बरोबर म्हटल्यावर दोघंही नाराज झाले. एकटा जिंकला असता तर निदान चहा मिळाला असता. धारवाडवाला म्हणाला मोटर शेतीतच धरली पाहिजे, व्हिडिओवाला म्हणाला मग कारखानाही धरा, आणि नवीन सुरू झालं. यावेळी मी आधीच फॅट लावून घेतली होती.

एक एकर खोडव्यात यंदा पाचट ठेवतोय, एकात पेटवणार. बघू काय फरक पडतो. शेजारी म्हणतो उंदीर होतील. पाचट कुट्टीचं यंत्र हुक्केरी किंवा बेळगाव भागात भाड्यानं कुणाकडं मिळतं? एकरी काय घेतात?

---

अथणीचा_ऊस | शनिवार, दुपारी १२:१५

आमच्याकडं एकाकडं आहे, ट्रॅक्टरला जोडायचं. पण तोड संपल्याबरोबर नंबर लावा, नंतर पंधरा दिवस मिळत नाही. उंदरांचं खरं आहे. सरीआड सरीत पाचट ओढा, एक सरी मोकळी राहू द्या, पाणी त्यातनं सोडा. मी एकदा केलं होतं तसं, मग कंटाळा केला.